इथलं टोक

"काल तू चौदा तास म्हणाला होतास," आई म्हणाली.

मी तिच्या उशाशी चहाचा कप घेऊन उभा होतो. गेले तीन महिने रोज सकाळी याच वेळेला, याच कपाच्या मागून ती एकच प्रश्न विचारत आली होती, "दादा निघाला का रे?" आणि मी रोज सांगत आलो होतो, "निघाला." आज तिने तो विचारलाच नाही. उशीला टेकून बसली होती, केस नीट मागे घेतलेले होते, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. "काल सकाळी निघाला म्हणालास. चौदा तास लागतील म्हणालास. म्हणजे काल रात्रीच यायला हवा होता. मग कुठंय?" हिशेब बरोबर होता. डॉक्टरांनी ऐकलं असतं तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती, की बघा, कालचं आज आठवायला लागलं, सुधारणा आहे. मला काय वाटलं ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं, आई, तू बरी होऊ नकोस. इतकं स्पष्ट वाटलं की मीच दचकलो, आणि कप खाली ठेवून उगाच खिडकीचा पडदा सरकवायला गेलो.

"वाऱ्यामुळे वळवलं," पडद्याकडे तोंड करून मी म्हणालो. "दुसऱ्या विमानतळावर उतरवलं. होतं असं कधीकधी."

"कुठल्या?"

"कळवतील."

"तुला नाही माहीत? तुझंच काम ना ते?"

माझंच काम. एका विमान कंपनीच्या नियोजन खोलीत बसून मी विमानांचे आराखडे करतो. या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत अंतर किती, वाटेत वारा कसा, वेळ किती लागेल, इंधन किती घालायचं, आणि तिथे उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ कुठला. तो कागद माझ्याकडून गेल्याशिवाय वैमानिक विमान हलवत नाही. स्वतः मी विमानात बसलोय आयुष्यात दोनदा, तेही तासाभराच्या अंतरावर. आचारी उपाशी असतो तसलाच प्रकार. पण या कामाची एक खोड अंगाला लागते. आमच्यापैकी कुणालाही नुसतं 'निघालाय, येईल' असं म्हणता येत नाही. पोहोचण्याची वेळ घातल्याशिवाय आमचं वाक्य पुरं होत नाही. तिथेच माझं चुकलं. हॉस्पिटलमध्ये, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी आईने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल तर "दादा येतोय का?" दुसऱ्या कुठल्याही माणसाने तिचा हात दाबून 'येतोय' म्हटलं असतं आणि गप्प बसला असता. 'येतोय' हा शब्द वर्षभर पुरतो. मी म्हणालो, "येतोय. अकरा तास लागतील."

त्या वेळी दादाला जाऊन दोन दिवस झाले होते.

एक गोष्ट मात्र खरी होती. तो निघाला होता. आईची बातमी कळल्यावर त्याने हाती लागलं ते तिकीट काढलं, बॅग भरली, दाराला कुलूप लावलं आणि टॅक्सीत बसला. टॅक्सीतून त्याने मला फोन केला, म्हणाला, "निघालो रे. आईला सांग." मागे गाड्यांचे आवाज येत होते. विमानतळाच्या रस्त्यावर, एका पुलाच्या चढावर त्याचं हृदय थांबलं. टॅक्सीवाल्याला वाटलं, झोपलाय. आमच्या आराखड्यात अंतर मोजतात ते विमानतळापासून विमानतळापर्यंत. घरापासून विमानतळापर्यंतचं त्यात कुठेच येत नाही, त्याला रकानाच नाही. तिकडचे सोपस्कार त्याच्या कचेरीतल्या लोकांनी केले. मी जाऊ शकलो नाही. आईच्या नाकात नळी होती आणि दुसरं कुणी नव्हतं. पुढे त्या लोकांनी त्याची बॅग पाठवली. ती मात्र अगदी वेळेवर आली. हँडलला विमानतळाची पट्टी लागलेली होती, तिथून इथे, शिक्क्यासकट. ती मी माझ्या पलंगाखाली ढकलून ठेवली आणि वर चादर लोंबती सोडली.

आईला घरी आणताना डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसेल असं काही सांगू नका. तिच्या आठवणीचं त्यांनी असं सांगितलं, की दिवे येतील-जातील, कधी या खोलीतला, कधी त्या. जुनं सगळं राहील, नवं टिकेल याची खात्री नाही. आणि तसंच झालं. दिवसभरात सांगितलेलं तिला दिवसभर आठवे. रात्री झोपली की पाटी कोरी. पण आकडेमोड शाबूत होती. तीस वर्षं शाळेत भूगोल आणि गणित शिकवलेलं, ते कसं जाणार? अकरा तास म्हणालो तर ती अकरा तास मोजत बसे. पहिल्याच आठवड्यात हे माझ्या ध्यानात आलं. सकाळी निघालेलं अकरा तासांचं विमान तिन्हीसांजेला पोहोचतं, आणि आई झोपते त्यानंतर. मधला वेळ काय करायचं? ती दाराकडे डोळे लावून बसली होती त्या संध्याकाळी. जिन्यावर पाऊल वाजलं की उशीवरून मान उचलायची. शेजारच्यांचं पाऊल असायचं. ते मला बघवेना. तिला झोप लागेपर्यंत विमान हवेत राहायला हवं होतं. मग मी ते लांबवत नेलं. वारा उलटा घातला. दादाला कंपनीच्या कामासाठी आणखी लांबच्या शहरी पाठवलं. वाटेत वादळ आलं म्हणून वळसा घातला. चौदावर आणून ठेवलं तेव्हा बरोबर बसलं. ती दिवसभर प्रसन्न असे, अर्धा घास जास्त खाई, आणि 'आता कुठवर आला असेल' म्हणत म्हणत झोपून जाई. विमान रात्री कुठे जात होतं कोण जाणे. सकाळी पुन्हा धावपट्टीवर उभं.

"सांगून टाका एकदाचं," दिवसभर आईजवळ राहणाऱ्या मावशी मला जिन्यात गाठून म्हणाल्या. जाड भिंगाच्या चष्म्याची, तोंडाने फटकळ बाई. त्यांना सगळं माहीत होतं. "आज मलाही म्हणाल्या, काल तो चौदा तास म्हणाला होता. मी काय बोलू? मला नाही जमत तुमच्यासारखं धडाधड."

"डॉक्टर काय म्हणालेत माहितेय ना?"

"डॉक्टर येतात का दिवसभर इथं बसायला? आईंचे डोळे बघितलेत का तुम्ही? दाराला भोक पडेल आता."

"संध्याकाळी बघतो," मी म्हणालो आणि जिना उतरलो.

बसमध्ये मला जागा मिळाली, एरवी मिळत नाही. काचेला डोकं टेकवून मी विचार करत होतो, आणि विचार करता करता जे काम मला येतं तेच करायला लागलो. आता दिवसाचं गणित पुरणार नव्हतं. काल निघालेला माणूस आज संध्याकाळपर्यंत हवेत ठेवायचा होता, आणि उद्याही तिला आठवलं तर उद्यापर्यंत, आणि परवा. त्यासाठी किती लांबून तो यायला हवा? लहानपणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई शाळेतून बाद झालेला पृथ्वीचा पत्र्याचा गोल आणून ठेवायची. एका ध्रुवाशी चेपलेला, रंग उडालेला, फिरवला की कुरकुरणारा. भांडी आवरली की आम्हाला दोघांना बोलवायची आणि शिवणाच्या पेटीतला पांढरा दोरा काढायची. "धाकट्या, तू इथलं टोक धर," म्हणून माझं बोट आमच्या गावावर दाबून ठेवायची. दुसरं टोक दादाकडे. त्याने ते जगात कुठेही न्यायचं. बेटांवर, वाळवंटात, बर्फात. "ताणा. सैल दोरा खोटं बोलतो." ताणलेला दोरा गोलावर ज्या वाटेने बसतो तीच सगळ्यात जवळची वाट. मग ती दोऱ्याला वीत लावायची. तिची एक वीत म्हणजे आठ हजार किलोमीटर. दादा टेबलाभोवती फिरायचा, कधी खुर्चीवर चढायचा, कधी टेबलाखाली वाकून गोलाच्या पोटाला बोट लावायचा आणि तिथून ओरडायचा, "मी पोचलो!" मी आपला बोट दाबून उभा. एकदा म्हणालो होतो, मला पण जाऊ दे ना त्या टोकाला. आई म्हणाली, "तू सोडलंस तर मोजायचं कुठून?" तिने सहज म्हटलं होतं. मी मात्र ते धरून ठेवलं. दादा शिकायला गेला, नोकरीला गेला, आणखी लांब गेला. दर वेळी आई गोल काढून वीत लावायची आणि शेजारणींना सांगायची, "आता एक वीत आणि दोन बोटं." मी ऑफिसला जातो ते किती वीत, किती बोटं, हे तिने कधी विचारलं नाही. का विचारावं? मी होतोच. इथलं टोक कुणी मोजतं का?

आणि फोन. रविवारी त्याचा फोन आला की मी उचलायचो. आमचे आवाज फोनवर इतके सारखे की आईला दर वेळी विचारावं लागे, "कोण, दादा की धाकटा?" एकदा मी ऑफिसातून फोन करून "आई, मी," म्हणालो तर तिचा आवाज असा काही उजळला की पुढचं वाक्य बोलायला मला वेळ लागला. "मी धाकटा," म्हणालो. "अरे तू होय," ती म्हणाली. त्यात तिचं काही चुकलं नाही. येताना पाव घेऊन ये म्हणाली.

नियोजन खोलीला खिडकी नाही. तिथे नेहमी दुपार असते, तीही ट्यूबलाइटची. मी सकाळची तीन विमानं मार्गी लावली, आणि मग एका रिकाम्या आराखड्यात आमचा विमानतळ घातला आणि समोर लांबातला लांब विमानतळ घालायला लागलो. एकेक घालायचा, अंतर बघायचं, पुसायचं, पुढचा घालायचा. सतरा हजार. अठरा हजार. त्याच्या पुढे सरकेना. कसं सरकणार? हे मला माहीत नव्हतं असं नाही, पोटापाण्याचाच धंदा आहे. पृथ्वी गोल आहे. एका ठिकाणापासून लांब लांब जात राहिलं की एका जागी लांब जाणं संपतं आणि माणूस दुसऱ्या बाजूने परत यायला लागतो. वीस हजार, बस. एका दिवसाचा रस्ता. ताशी साडेआठशेने गेलं तर अख्ख्या दुनियेत कुठूनही कुठेही एका दिवसात पोहोचता येतं. कंपनीच्या जाहिरातीत हे वाक्य मोठ्या अक्षरांत असतं. मी ते वाचत बसलो. ही एवढीच का? एवढा बडेजाव, एवढे समुद्र, एवढ्या भाषा, आणि एक मेलेला माणूस दोन दिवस लपवता येईल एवढीसुद्धा जागा नाही.

पडद्यावर लाल ओळ आली, की हे अंतर या विमानाच्या पल्ल्याबाहेर आहे. साहेब मागून येऊन उभे राहिलेले मला कळलं नाही.

"कुणाचं विमान हे?"

"नुसतं बघत होतो, साहेब."

"एवढ्या लांब? सासुरवाडी आहे का तिकडे?" साहेब स्वतःच हसले. मग खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणला. "आई कशी आहे?"

"सुधारतेय," मी म्हणालो.

"चांगलंय की मग. तोंड का असं?" लाल ओळीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडून सरळ काही येत नाही. मध्ये कुठेतरी उतरावंच लागतं. पुसून टाक ते, उगाच कुणाला खरं वाटायचं."

मी पुसलं. पुसताना दादाला खाली कुठेतरी टाकून दिल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी घरी आलो तर आईच्या खोलीतला दिवा लागलेला होता आणि पलंगावर, तिच्या मांडीपाशी, गोल. मावशींनी माळ्यावरून काढून पुसून दिला होता. त्या दारात पिशवी घेऊन उभ्या होत्या, मला म्हणाल्या, "दुपारपासून तेच चाललंय," आणि चपला घालून निघून गेल्या. आईच्या हातात पांढरा दोरा होता. झटक्याने तिचा डावा हात दुबळा झाला होता, त्या हाताने टोक धरलं की सुटत होतं. किती वेळा सुटलं असेल कोण जाणे.

"बरं झालं आलास. मला एकटीला धरता येत नाही. तू इथलं टोक धर."

मी पलंगाच्या कडेला बसलो आणि बोट ठेवलं. त्या जागेवरचा रंग आमच्या बोटांनीच कधीचा गेलेला होता. गाव दिसतच नव्हतं, नुसता पत्रा. तिने दोरा ताणला. उजव्या हाताने, हळूहळू, समुद्र ओलांडून दादाच्या शहरावर नेला. "एक वीत दोन बोटं. अकरा तास, सव्वाअकरा. बरोबर?"

"बरोबर."

"तू चौदा म्हणालास. का तर म्हणे वळसा. ठीक आहे, चौदा. पण चौदाही काल रात्री संपले." तिने दोरा पुढे सरकवला. "मग मी म्हटलं, तो दुसरीकडून येत असेल. इथून. नाहीतर इथून." तिचं बोट एकेका देशावर टेकत होतं, दोरा लांबत होता, मी बोट दाबून बसलो होतो. शाळेतला तिचा आवाज परत आला होता, ठाम, थोडा घोगरा, तीन महिन्यांत पहिल्यांदा. तो आवाज ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. दोरा गोलाच्या पोटाखाली गेला. दादा जिथे टेबलाखाली वाकून ओरडायचा तिथे. "हे बघ. अडीच वीत. याच्या पुढे दोरा न्यावा तर तो जवळ यायला लागतो. आणि इथं आहे काय? पाणी. इथं तर विमानतळच नाही, धाकट्या."

"नाही," मी म्हणालो.

"आणि असता, तरी एक दिवस." ती थांबली. "पेट्रोल किती तासांचं घालता रे त्यात?"

मी खोटं सांगू शकलो असतो. तिला काय कळणार होतं? पण तिने ते अशा आवाजात विचारलं की मी उभा राहून उत्तर द्यायचाच बाकी होतो. "लागेल तेवढं. शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं. शिवाय वर अर्ध्या तासाचं."

"आणि त्याच्यावर?"

"त्याच्यावर काही नसतं, आई."

"मग ते संपलं असेल," आई म्हणाली. "म्हणजे विमान हवेत नाही. हवेत नाही, इथं उतरलं नाही, आणि दुसरीकडे उतरलं असतं तर एव्हाना दादाने फोन केला असता. तो फोन केल्याशिवाय राहत नाही." तिने माझ्याकडे बघितलं. गणित अडलेल्या मुलाला ती कधी उत्तर सांगायची नाही. शेवटच्या पायरीपर्यंत आणून सोडायची आणि खडू त्याच्या हातात द्यायची. "आता तू सांग. तो कुठंय?"

माझं बोट अजून त्या पत्र्यावर होतं. मी ते उचललं नाही. "तो विमानात बसलाच नाही, आई," मी म्हणालो. "टॅक्सीत गेला. विमानतळावर पोहोचायच्या आधी. तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हाच." आणि मग, का कुणास ठाऊक, "निघाला होता पण. फोन केला होता त्याने. आईला सांग म्हणाला."

तिने दोरा सोडला नाही. किती वेळ तसेच बसलो होतो आम्ही, दोन टोकं धरून. ती किंचाळेल, तिला पुन्हा काही होईल, म्हणून मी तिच्या छातीकडे बघत होतो, ती वरखाली होतेय ना. ती वरखाली होत होती. मग तिने विचारलं, "त्याची बॅग?" मी माझ्या पलंगाखालून बॅग ओढून आणली, तिच्या पायांपाशी ठेवून उघडली. शर्टांच्या घड्या तिने शिकवल्यासारख्या घातलेल्या, बाह्या आत, कॉलर वर. वरच एक करडा स्वेटर होता. तिने तो तोंडावर धरला आणि मग रडली. आवाज न करता, सगळं अंग हलवून. मी तिला धरलं तर तिच्या खांद्याची हाडं हाताला लागली. मधेच तिने स्वेटर बाजूला केला आणि म्हणाली, "तू एवढे दिवस एकट्यानेच...?" मीही रडलो असेन. तीन महिन्यांत मला रडायला मुळी वेळच झाला नव्हता, रोज सकाळी विमान सोडायचं असायचं.

सकाळी मी चहा घेऊन गेलो. रात्र गेली होती म्हणजे पाटी कोरी असणार, आणि आता 'दादा निघाला का रे' म्हणून तिने विचारलं तर काय करायचं? कालचं सगळं पुन्हा? रोज? रोज सकाळी कपाच्या मागून तिच्या मुलाला मारायचं? की पुन्हा चौदा तास? मी दोन्ही उत्तरं तोंडात धरून उभा होतो. स्वेटर तिच्या उशाशी होता. तिचे डोळे सुजलेले होते. तिने चहा घेतला, एक घोट घेतला, आणि म्हणाली,

"तुला ऑफिसला पोहोचायला किती वेळ लागतो?"

मला प्रश्नच कळेना. "मला?"

"तुलाच. अजून कोण राहिलंय?"

"चाळीस मिनिटं. बस मिळाली तर."

"पोहोचलास की फोन कर," आई म्हणाली. "विसरू नकोस. मी जागीच असते."

तिला आठवत होतं. सगळं. मी मावशींना फोन उशाशी ठेवायला सांगितलं आणि बाहेर पडलो. बसमध्ये उभाच होतो, कुणाचं तरी कोपर बरगडीत रुतत होतं, आणि मी, खोटं कशाला बोलू, सुखात होतो. भाऊ गेलेला, आई रात्रभर रडलेली, आणि मी दांडीला लोंबकळून चाळीस मिनिटं मोजत होतो. आता बँकेपाशी आलो असेन, आता पुलाच्या अलीकडे. घरी एक माणूस उशीवर पडून माझं अंतर मोजत होतं. एकदा थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली स्वतःच्या, तरी ते सुख काही जाईना. पंचेचाळीस वर्षांचा घोडा झालोय. सिग्नलला बस थांबली तेव्हा मी चक्क चिडलो, की उशीर होतोय, ती वाट बघत असेल. आयुष्यात पहिल्यांदा मला उशीर होणार होता.

नियोजन खोलीत शिरलो, पिशवीही खाली ठेवली नाही, आणि फोन लावला. एकदाच वाजला. आईनेच उचलला.

"आई," मी म्हणालो, "पोहोचलो."

मग तिचा आवाज आला, आणि तो मी ओळखला, कारण तो मी पूर्वी एकदाच ऐकला होता.

"पोहोचलास? अरे दादा, किती रे वाट बघायला लावलीस!"

समोर पडद्यावर सकाळची विमानं लागलेली होती. साहेब कुणाला तरी कशावरून झापत होते.

"आई, मी..."

"बोलू नकोस जास्त, दमला असशील. किती वेळ लागला शेवटी?"

मी तोंड उघडलं. पाऊण तास, सिग्नल लागला, हे खरं उत्तर होतं. घशापर्यंत आलं होतं. "चौदा तास," मी म्हणालो. "वारा उलटा होता."

"तरी मी काल म्हणत होते, आमच्या धाकट्याचा हिशेब चुकायचा नाही." ती हसत होती. "थांब हं, फोन ठेवू नकोस. त्याला सांगते. कालपासून तोंड पाडून बसलाय बिचारा."

फोन उशीवर टेकवल्याचा आवाज झाला. मग घरात, लांबून, तिची हाक ऐकू आली. "धाकट्या! ए धाकट्या, ये लवकर, दादा पोहोचला!" थोडा वेळ थांबून पुन्हा, जरा मोठ्याने. मग स्वयंपाकघराच्या दिशेने. मग माझ्या खोलीच्या दिशेने. मी फोन कानाशी घट्ट धरून उभा होतो, आणि ती मला हाका मारत होती, आणि मला ओ देता येत नव्हती.